हा माणूस माझा की खात्याचा? : एका फायरमनचे दहा महिने

गेल्या आठवड्यात दुसऱ्या स्टेशनवरच्या एका पोराचा फोन आला. नोकरीला चार वर्षं झालेला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "तुम्ही त्या मनाच्या डॉक्टरांकडे गेला होतात ना, ते कागदावर कुठं कुठं येतं?" तब्येत कशी आहे, बरं वाटतं का, काही नाही. थेट कागद. मला हसू आलं, कारण जानेवारीत माझाही पहिला प्रश्न हाच होता. त्याला पाऊण तास जे सांगितलं, ते इथे तारखांसकट लिहून ठेवतो. मार्चपासूनच्या तारखा माझ्या वहीतल्या आहेत. वही का ठेवायला लागलो तेही पुढे येईल.

अग्निशमन दलात मला १७ वर्षं झाली. ९ नोव्हेंबरला पहाटे २ वाजून १० मिनिटांनी वर्दी आली. चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावर आग, जिना धुरानं भरलेला, आत दोघं अडकलेली. बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचं उपकरण, लावून आम्ही आतल्या खोलीपर्यंत पोचलो तेव्हा दार बंद होतं, आणि दाराच्या खालच्या फटीत ओला टॉवेल नीट घडी करून खुपसलेला होता. ती दोघं वाचली नाहीत. याहून जास्त मी लिहिणार नाही. उपचारातही लिहावं लागलं नाही, हे आधीच सांगतो, कारण पुष्कळ जण त्या भीतीनंच जात नाहीत.

त्या टॉवेलशी माझा संबंध होता. शाळांत, ऑफिसांत, वसाहतींत मी शेकडो प्रात्यक्षिकं दिली आहेत आणि प्रत्येकात माझं एक पाठ झालेलं वाक्य आहे : "बाहेरचा रस्ता धुरानं बंद असेल तर खोलीत या, दार लावा, फटीत ओला कपडा खुपसा, खिडकीपाशी थांबा, आम्ही येतो." त्या दोघांनी शब्दन् शब्द तसंच केलं होतं.

तिसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबरला, आमच्या पूर्ण पाळीला एका खोलीत बसवून 'डीब्रीफिंग' झालं. बाहेरून आलेल्या एका गृहस्थांनी गोल बसवलं आणि प्रत्येकानं काय पाहिलं, काय वाटलं ते क्रमानं बोलायचं असं सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "ठीक आहे. काम आहे." शेवटी हजेरीवर सही घेतली. ही पद्धत अमेरिकेतल्या जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडली आणि ते स्वतः आधी फायरमन आणि पॅरामेडिक होते, हे मला नंतर वाचनात कळलं. आपल्यातल्याच माणसानं, चांगल्या हेतूनं बनवलेली गोष्ट. पण घटनेनंतर लगेच घेतलेल्या अशा एकाच बैठकीमुळे पुढचा आजार टळत नाही, काहींना उलट त्रासच होऊ शकतो, असं २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे बरेच अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात, दिसून आलं. ब्रिटनमधली नाइस ही उपचारांबाबत मार्गदर्शन करणारी संस्थाही आता ती देऊ नका असं सांगते. मला त्या बैठकीनं इजा झाली असं मी म्हणणार नाही. पण सही झाल्यावर मी मनातल्या मनात फाईल बंद केली. ऑफिसनंही केली.

नोव्हेंबर-डिसेंबर कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही, बायकोला सांगता येतं. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी रात्री तीन-चारदा उठून घरातली सगळी दारं बघायचो. उघडी आहेत की बंद, ते नाही. दाराखालची फट बघायचो. एकदा बाथरूमबाहेर टॉवेल जमिनीवर पडला होता त्यावरून मी मुलीवर एवढा ओरडलो की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटत होतं झोप पुरत नाही, बाकी काही नाही. पाळ्या बदलत्या, झोप कधी पुरली होती?

१८ जानेवारीला एका शाळेत प्रात्यक्षिक होतं. होज दाखवून झाला, अग्निशामक सिलिंडर दाखवून झाला, मग ते वाक्य आलं. "खोलीत या, दार लावा," इथपर्यंत बोललो आणि पुढचं येईना. घाम नाही, छातीत धडधड नाही, नुसती जीभ थांबली. समोर दीडशे मुलं. सोबतच्या पोरानं माईक घेतला आणि वेळ मारून नेली. गाडीत तो काही बोलला नाही, पण स्टेशनवर आल्यावर त्यानं आमच्या सीनिअर ड्रायव्हरच्या कानावर घातलं असावं.

हे ड्रायव्हर आमच्याकडचे 'सहकारी-आधार' म्हणून प्रशिक्षण घेतलेले. म्हणजे समुपदेशक नाहीत, डॉक्टर नाहीत, आपल्यातलेच, फक्त ऐकायचं कसं आणि पुढे कुणाकडे पाठवायचं एवढं शिकलेले. २० तारखेला त्यांनी मला गाडीच्या केबिनमध्ये बोलावलं. "बस. आधी एक ऐक. तू जे सांगशील ते माझ्यापाशी राहील. दोन गोष्टी सोडून. तू स्वतःच्या जिवाचं काही करायच्या विचारात असलास, किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला तुझ्यापासून धोका असला, तर मला पुढे बोलावं लागेल. ते तुझ्या पाठीमागे नाही करणार, तुला सांगून करीन. आता बोल, नाहीतर नको बोलूस."

मी वीस मिनिटं टॉवेलबद्दल बोललो. त्यांनी एकदाही "असं होतंच" म्हटलं नाही. शेवटी मी विचारलं, "हे ऑफिसात जाणार का?" तर ते म्हणाले, "जिथं जिथं जाशील तिथं पहिलं हेच विचार. समोर बसलाय तो माणूस तुझा आहे की खात्याचा? लाजायचं नाही. तोंडावर विचारायचं."

दहा महिन्यांत मला जितके सल्ले मिळाले त्यात हा सर्वांत उपयोगी.

२१ जानेवारीला खात्यानं ठरवून दिलेल्या समुपदेशनाच्या हेल्पलाइनवर फोन केला. सहा बैठका मोफत, पुढच्या आपल्या खर्चानं. फोन उचलणाऱ्या बाईंना विचारलं, तुम्ही माझ्या की खात्याच्या? त्या जरा गोंधळल्या, पण उत्तर नीट दिलं : पैसे खातं भरतं, खात्याला महिन्याच्या शेवटी फक्त किती जणांनी फोन केला तो आकडा जातो, नावं जात नाहीत. मी म्हटलं, हे लेखी मिळेल? मिळालं. संमतीपत्रातच होतं, तिसऱ्या पानावर, जे कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा. गोपनीयता कुठं संपते ते त्याच पानावर असतं.

पहिली तारीख तीन आठवड्यांनी, ११ फेब्रुवारीची मिळाली. त्या तीन आठवड्यांत मी दोनदा फोन करून ती रद्द करायच्या बेतात होतो. आपोआप बरं होईल असं वाटायचं. त्यात अगदीच चूक नव्हतं. अशा प्रसंगानंतर पहिला महिना झोप उडणं, तेच तेच डोळ्यांपुढे येणं हे पुष्कळांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपसूक ओसरतं. म्हणूनच महिना उलटल्याशिवाय पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा ताणाचा आजार, हे निदानच करत नाहीत. पण माझे तीन महिने होत आले होते.

समुपदेशक बाई मनानं चांगल्या होत्या. पहिल्या बैठकीत त्यांनी विचारलं, "आगीची भीती वाटते का?" मला आगीची भीती वाटत नाही. मग त्यांनी श्वासाचा व्यायाम शिकवला. दुसऱ्या बैठकीत, १८ फेब्रुवारीला, मी टॉवेलचं सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "हे माझ्या हातचं नाही. आघातावर काम करणाऱ्या माणसाकडे तुम्ही जायला हवं." त्यावेळी मला राग आला, महिना वाया गेला म्हणून. आता वाटतं, हे प्रामाणिकपणे दुसऱ्या बैठकीत सांगितलं, सहाव्या नाही, हे त्यांचे उपकारच. पहिला माणूस जमला नाही म्हणजे 'हे आपल्यासाठी नाही' असं ठरवून परतलेले किमान चौघं तरी मला माहीत आहेत.

२० फेब्रुवारीला घरच्या डॉक्टरांकडे गेलो, कारण तज्ज्ञाकडे जायला त्यांची चिठ्ठी लागत होती. त्यांनी आधी रक्त तपासलं, थायरॉईडसकट. मी घोरतो का हे बायकोला विचारलं, कारण झोपेत श्वास अडखळत असेल तरी माणूस दिवसभर चिडचिडा राहतो. मग दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या. एक नऊ प्रश्नांची, उदासीची. दुसरी वीस प्रश्नांची, आघातानंतरच्या त्रासाची, पीसीएल-५ म्हणतात ती. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण ८०. साधारण ३१ ते ३३ च्या वर गेलं की नीट तपासणी करायला हवी असं धरतात. माझे ४७.

नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न आपण मेलो असतो तर बरं, असं किंवा स्वतःला इजा करायचं मनात येतं का, हा असतो. मी ठोकून शून्य लिहिलं. डॉक्टरांनी कागद माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाले, "या ओळीवर नोकरी जात नाही. बरोबर लिही." मी एक लिहिलं. "कधी कधी." त्यानंतर त्यांनी पंधरा मिनिटं घालवून माझ्यासोबत एक कागद तयार केला : कशावरून ओळखायचं की ती वेळ आलीय, आधी स्वतः काय करायचं, मग कुणाला फोन करायचा, तेही नाही जमलं तर कुठल्या इस्पितळात जायचं, आणि घरात कुठल्या वस्तू हाताशी असू द्यायच्या नाहीत. तो कागद पाकिटात ठेवला. दोनदा बाहेर काढला. दोन्ही वेळा तिसऱ्या ओळीच्या पुढे जावं लागलं नाही; तिसऱ्या ओळीवर ड्रायव्हरांचा नंबर होता. तुमच्या मनात असं काही येत असेल तर हे बाकीचं सगळं नंतर वाचा. आधी जवळच्या माणसाला हाक मारा किंवा सरळ इस्पितळ गाठा. आपण दुसऱ्यांसाठी रात्री-बेरात्री धावतो, आपल्यासाठी कुणी धावलं तर बिघडत नाही.

मनोविकारतज्ज्ञांची तारीख मिळाली १४ एप्रिल. जवळजवळ आठ आठवडे. इथे एक छोटी युक्ती : तिथल्या स्वागतकक्षात सांगून ठेवा की कुणी रद्द केलं तर मला आयत्या वेळी बोलवा, मी तासाभरात येतो. आणि दर दोन-तीन दिवसांनी सकाळी पहिला फोन तुमचा असू द्या. मला १७ मार्चला बोलावणं आलं.

चाळीस मिनिटं बोलणं झालं. त्यांनाही तोच प्रश्न विचारला आणि ते म्हणाले, "मी तुमचा. खात्याचा डॉक्टर वेगळा असेल, तुम्हाला भेटेल." निदान झालं. मी म्हटलं, मला कुठं काय झालंय, मी तर नंतर पोचलो. पीटीएसडी म्हणजे युद्धावर गेलेल्यांचा आजार अशी माझी समजूत होती. ते म्हणाले, १९८० मध्ये हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत आलं तेव्हा चर्चा मुख्यतः सैनिकांचीच होती. पण २०१३ च्या आवृत्तीत कामाचा भाग म्हणून पुन्हा पुन्हा अशा गोष्टींना सामोरं जाणं हेही स्पष्ट लिहिलं गेलं, आणि तिथं उदाहरणं कुणाची आहेत? मृतांचे अवशेष गोळा करणाऱ्या बचाव कर्मचाऱ्यांची, आणि लहान मुलांवरच्या अत्याचारांचे तपशील वारंवार पाहावे-ऐकावे लागणाऱ्या पोलिसांची. आपलं काम एखाद्या पुस्तकात नाव घेऊन लिहिलेलं असतं, हे ऐकून मला का कोण जाणे, बरं वाटलं.

गोळी सुरू झाली. सर्ट्रालीन, उदासीवरही देतात ती, आधी २५ मिलिग्रॅम, आठवड्यानं ५०. मी झोपेची गोळी मागितली होती. त्यांनी दिली नाही. त्या जातीच्या गोळ्या या आजारात उपयोगाच्या नाहीत आणि सवय लागते, म्हणाले. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, जबडा आवळल्यासारखा, झोप होती त्याहून वाईट. गुण चार ते सहा आठवड्यांनी दिसेल हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, नाहीतर मी पाचव्या दिवशी डबी फेकली असती. गोळी सुरू झाली त्याच दिवशी वहीही सुरू केली. गोळीची वेळ, झोपेचे तास, किती वेळा उठलो. डॉक्टर विचारतात "कसं वाटतं" आणि आपण म्हणतो "ठीक". वही ठीक म्हणत नाही.

आता तो कागद, ज्यासाठी त्या पोरानं फोन केला होता.

कामावरून काही दिवस बाजूला व्हायचं तर वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. त्यावर आजाराचं नाव लिहायलाच हवं असं नसतं. मी डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी लिहिलं : 'प्रत्यक्ष बचावकार्यासाठी अमुक तारखेपर्यंत वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य, हलक्या कामासाठी योग्य.' बस. आधी आपल्या खात्याचा नियम वाचा, कारण काही ठिकाणी निदान मागतात. पण मागितलं नसताना आपण होऊन देऊ नका. मी प्रमाणपत्र बंद पाकिटात, वर 'गोपनीय, वैद्यकीय' लिहून, पोच घेऊन दिलं. तरी दोन दिवसांत स्टेशनभर झालं. कुणीतरी पाकीट फोडून फाईलला टाचलं आणि फाईल टेबलावर उघडी राहिली. तक्रार केली. तोंडी दिलगिरी मिळाली. दुसरं पाकीट मी स्वतः वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातात दिलं. तुम्हीही तसंच करा, मधल्या टेबलांवर ठेवू नका.

२४ मार्चला खात्याच्या डॉक्टरांपुढे उभा राहिलो. त्यांना विचारायच्या आधीच ते म्हणाले, "मी तुमच्यावर उपचार करत नाहीये. तुम्ही जे सांगाल त्यावर मी अहवाल लिहिणार आणि तो वर जाणार." मला ते स्पष्टपण आवडलं. अशा ठिकाणी खोटं बोलायचं नाही, पण मन मोकळं करायलाही बसायचं नाही. विचारलं तेवढं, खरं तेवढं. हा फरक आधी कळला नसता तर मी तिथं टॉवेलवर अर्धा तास बोललो असतो.

हलकं काम म्हणजे भांडारात होजची नोंद. मार्चअखेरपासून जुलैअखेरपर्यंत मी कपलिंगं मोजली. पोरं चिडवत नव्हती, तेच जास्त झोंबायचं. वर्दीची घंटा झाली की सगळे खाली पळायचे आणि मी रजिस्टरवर बोट ठेवून बसायचो. पहिल्या महिन्यात मी दोनदा पायऱ्यांपर्यंत गेलो आणि परत आलो. भत्ते बुडाले ते वेगळंच. घरी हिशेब करून आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात भांडण त्यावरून होतं.

३ एप्रिलला मुख्य उपचार सुरू झाले. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे साधारण पस्तिशीतल्या एक बाई होत्या. त्यांनी तीन रस्ते समोर ठेवले. एक ईएमडीआर, फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ मध्ये शोधलेलं, ज्यात आठवण मनात धरून डोळे एका लयीत हलवायचे असतात. दुसरं एड्ना फोआ यांचं, ज्यात टाळलेल्या आठवणीला आणि जागांना हळूहळू, पुन्हा पुन्हा सामोरं जायचं. तिसरं पॅट्रिशिया रेसिक यांचं सीपीटी, बारा बैठकांचं, ज्यात घटनेनंतर आपण मनाशी जी वाक्यं पक्की केली ती तपासायची. तिन्ही चालतात, म्हणाल्या, तुम्हाला कुठलं पेलेल? घटना तपशिलानं लिहायची सक्ती कशात नाही, एवढंच मी विचारलं. सीपीटीत पूर्वी लिहून घेत, पण २००८ मधल्या अभ्यासात लिहिल्याशिवायही तितकाच गुण येतो असं दिसलं. मी सीपीटी घेतलं.

ती पक्की झालेली वाक्यं, त्यांना इंग्रजीत 'अडकलेले मुद्दे' अशा अर्थाचं नाव आहे. शाळेत माईकवर अडकलेला माणूस मी. मला तिथंच हसू फुटलं आणि त्यांना कारण सांगावं लागलं.

पहिला गृहपाठ : ही घटना का घडली असं तुम्हाला वाटतं आणि त्यानं तुमचं स्वतःबद्दल, जगाबद्दल काय मत झालं, एक पान लिहा. मी तीन रात्री घेतल्या आणि चार ओळी लिहिल्या. त्यातली पहिली : 'मी शिकवलं म्हणून ती दोघं आत थांबली.' बाईंनी ती खोडली नाही, की "असं नका म्हणू" म्हणाल्या नाहीत. त्याखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "हिच्यावर काम करू."

चौथी ते सहावी बैठक सर्वांत वाईट. दर आठवड्याला तीच वीस प्रश्नांची प्रश्नावली भरायची असायची. पहिल्या बैठकीला ४६ होते, चौथीला ५२. मी म्हटलं, बिघडतंय. दोन आठवडे गेलोच नाही. एकदा गाडी बिघडली असं सांगितलं, एकदा काहीच सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात बायकोनं बॅग हातात दिली आणि म्हणाली, "तू लोकांना सांगतोस ना, धुरात अर्ध्यातून मागं फिरायचं नाही म्हणून?" मी तिला सांगू शकलो असतो की प्रत्यक्षात कधी कधी मागं फिरावंच लागतं. नाही सांगितलं. गेलो.

सहाव्या बैठकीत बाईंनी विचारलं, "त्या घटनेचा चौकशी अहवाल झाला असेल ना? काय लिहिलंय?" मी तो तीनदा वाचला होता. "घेऊन या." सातव्या बैठकीला नेला आणि त्यांनी मलाच मोठ्यानं वाचायला लावला. दुसऱ्या पानावर ओळ होती : दाराच्या खालच्या भागातून धुराचा प्रवेश नाही, धूर छतालगत केबलसाठी पाडलेल्या, न बुजवलेल्या भोकातून खोलीत आला. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे टॉवेलनं काय केलं?"

मी म्हटलं, त्याचं काम केलं.

"आणि जिन्यातून बाहेर पडता आलं असतं?"

नसतं. तो जिना मी पाहिला होता. तशा धुरात कार्बन मोनॉक्साइडच माणसाला खाली पाडतो, रक्त त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. पंधरा पायऱ्याही झाल्या नसत्या. हे मी नव्या पोरांना स्वतः शिकवतो. अहवाल तीनदा वाचला तेव्हा ती ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली होती, आणि दिसली नव्हती. त्या दिवशी घरी येताना मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून बराच वेळ रडलो. आठव्या बैठकीला गुण ३८ झाले.

दुःख गेलं नाही. बाईंनी ते घालवायचा प्रयत्नही केला नाही. "दोघं गेली याचं वाईट वाटणं हा आजार नाही," एवढंच त्या म्हणाल्या. बारावी बैठक ३ जुलैला झाली. गुण २१.

खर्चाचं थोडक्यात : मोफत सहापैकी दोन बैठका आधीच वापरल्या होत्या आणि उरलेल्या चार या बाईंकडे चालल्या नाहीत, कारण त्या हेल्पलाइनच्या यादीत नव्हत्या. एका बैठकीची फी माझ्या साधारण एका दिवसाच्या पगाराएवढी. खातं भरपाई देतं, पण माझं पहिलं बिल महिन्याभरानं परत आलं, पावतीवर तज्ज्ञांचा नोंदणी क्रमांक नव्हता म्हणून. दुसऱ्यांदा मनोविकारतज्ज्ञांची शिफारस-चिठ्ठी जोडली नव्हती म्हणून. पैसे ऑगस्टमध्ये आले. पहिल्या दिवशीच पावतीवर नाव, तारीख, नोंदणी क्रमांक, सही-शिक्का बघून घ्या आणि चिठ्ठीच्या पाच प्रती काढून ठेवा.

मे-जूनमध्ये सहा संध्याकाळी एका गटातही बसलो. पोलीस आणि अग्निशमन दलातलेच लोक, आठ जण. सगळ्यांना गट मानवतो असं नाही, एक जण दुसऱ्या वेळी आलाच नाही. पण मला तिथं पोलिसांची अडचण पहिल्यांदा कळली. आमच्या हातात पाण्याचा होज असतो, त्यांच्या कमरेला शस्त्र. मन ठीक नाही असं तोंडातून निघालं की पहिली चर्चा शस्त्र काढून घ्यायची, आणि शस्त्र गेलं की काय झालं ते अख्ख्या ठाण्याला कळतं. म्हणून कुणी बोलत नाही. एक महिला उपनिरीक्षक होत्या, लहान मुलांच्या अत्याचाराचे व्हिडिओ पुरावा म्हणून बघायचं काम चार वर्षं केलेल्या. त्यांनी स्वतःहून शस्त्रागारात जाऊन पिस्तूल जमा केलं होतं. "काढून घेतलं असतं तर मोडले असते," त्या म्हणाल्या. "जमा केलं. पावती घेतली. पावतीमुळे ते परत मागता येतं." नंतर म्हणाल्या, "तुमचं बरं आहे. तुम्ही दार ठोठावलं की लोक आनंदानं उघडतात." यावर कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

२२ जुलैला खात्याच्या डॉक्टरांकडे फेरतपासणी झाली. सोबत उपचार पूर्ण झाल्याचं एका ओळीचं पत्र नेलं, बैठकांच्या नोंदी नेल्या नाहीत. त्यांनी नोंदी मागितल्या. मी मानसोपचारतज्ज्ञांना तिथूनच फोन लावला आणि त्यांनी सांगितलं की नोंदी मिळणार नाहीत, हवा तर कामाच्या क्षमतेपुरता सारांश देते. आठ दिवस त्यात गेले. १ ऑगस्टपासून प्रत्यक्ष कामाला परवानगी मिळाली, महिनाभर रात्रपाळी नाही या अटीवर. परतल्यावरची पहिली वर्दी कचऱ्याच्या ढिगाऱ्याची होती. दहा मिनिटांत विझली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मी शिव्या दिल्या, संपलं.

गोळी चालू आहे. बरं वाटायला लागल्यावरही काही महिने तशीच घ्यायची आणि बंद करताना डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू उतरवायची असं आहे. रात्री अजूनही एखाद्या वेळी दाराकडे लक्ष जातं. एकदा बघतो आणि झोपतो. नोव्हेंबर जवळ येतोय. ९ तारखेची रात्रपाळी मी आत्ताच बदलून घेतली आहे आणि का ते साहेबांना सांगितलं आहे.

१२ सप्टेंबरला प्रात्यक्षिक होतं. दुसरी शाळा, पाचवी-सहावीची मुलं. सोबतच्या पोराला सांगून ठेवलं होतं की मी थांबलो तर माईक घे. वाक्य आलं. खोलीत या, दार लावा, फटीत ओला कपडा खुपसा. मग तिथं मी एक नवीन वाक्य घातलंय : "आणि वर बघा. भिंतीत, छताजवळ कुठं भोक असेल तर तेही बुजवा." मग खिडकी. मग "आम्ही येतो."

मागच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "किती वेळात?"

मी सांगितलं, कधी लवकर, कधी उशीर होतो, म्हणून सगळ्यात आधी फोन करायचा. तिनं मान हलवली. मग मी टॉवेल बादलीतून काढून पिळला आणि विचारलं, कुणाला दाराला लावून बघायचाय. बरेच हात वर झाले. तिचाही होता.